हॉलचं कार्पेट कुजलंय, सासूबाईंची खोली खचलीय: एक लाखात फरशी कशी बदलायची?

प्रश्न: आमचं घर सांगलीच्या गावभागात आहे. १९९४ चं बांधकाम, आम्ही तळमजल्यावर. हॉल १२ बाय १५, खाली शहाबादी फरशी. २०१९ च्या महापुरानंतर फरशी काळपट पडली म्हणून तिच्यावर रोलचं प्लास्टिकचं कार्पेट चिकटवून घेतलं. २०२१ ला पुन्हा पाणी आलं, तेव्हा तेच धुऊन पुसून ठेवलं. आता ते कडेनं उचललंय आणि कुबट वास जात नाही. सासूबाईंची खोली १० बाय ११, तिथली मोझॅक मागच्या भिंतीकडे इंचभर खचली आहे. त्यांचे गुडघे दुखतात, पाय अडखळतो. आमची बेडरूम १० बाय १२, तिथली मोझॅक धड आहे पण निस्तेज झाली आहे. स्वयंपाकघर ९ बाय १०, साध्या टाइल्स, दोन-तीन पोकळ वाजतात. एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, काही फोडू नका, सगळीकडे टाइलवर टाइल बसवू, सगळं धरून ११० रुपये स्क्वेअर फूट. शिवाय सासूबाईंच्या खोलीला दुकानदार टाइलच्या सात पेट्या सांगतो आणि मिस्त्री नऊ मागतो. बजेट एक लाख आहे. गणपतीच्या आधी उरकायचं आहे. काय करावं?

उत्तर:

ताई, रोलचं कार्पेट पुन्हा टाकू नका. २० रुपये फुटाचा रोल धरला तर हॉलला ३,६०० रुपयांत काम होतं, म्हणून मोह होणार. पण शहाबादी हा थराथरांचा चुनखडक आहे. तो जमिनीतली ओल थोडी थोडी वर घेतो आणि उघडा असला की हवेत सोडून देतो. तुम्ही त्याच्यावर प्लास्टिक चिकटवलंत आणि ओलीची वाट बंद झाली. ती कार्पेटखाली साठली, गोंद सैल झाला, कडा उचलल्या. २०२१ चा गाळ खाली राहिला, त्याच्यावर बुरशी धरली. वरून कितीही फिनेल फिरवलं तरी वास जात नाही तो यामुळे. ओलीबरोबर वर आलेले क्षार दगडातच सुकतात आणि फरशीचे पापुद्रे सुटतात. नवा रोलही याच फरशीवर बसणार, त्यामुळे पुढच्या पावसाळ्यात हाच वास येणार.

आज एवढंच करा. कार्पेट पूर्ण काढून टाका. गोंद रुंद पत्र्यानं खरवडा आणि फरशी साबणाच्या पाण्यानं घासून धुवा. बुरशीच्या डागांना ब्लीच वापरायचं असेल तर एकटं वापरा, खिडक्या उघड्या ठेवून. त्याच वेळी फरशी धुवायचं ॲसिड अजिबात वापरू नका. दोन्ही मिसळलं की विषारी क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद खोलीत जीव धोक्यात येतो. फरशी धुतल्यावर महिनाभर उघडीच राहू द्या. बसायला सतरंजी अंथरा, रात्री गुंडाळून ठेवा.

फरशी कोरडी दिसायला लागली की ओलीची परीक्षा घ्या. दोन फूट बाय दोन फूट जाड पारदर्शक प्लास्टिक फरशीवर ठेवा, चारही कडा चिकटपट्टीनं बंद करा आणि दोन दिवस हात लावू नका. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब जमले किंवा खालची फरशी गडद पडली, तर ओल जमिनीतून येते. हे हॉलमध्ये तीन जागी करा: दाराजवळ, मधोमध आणि मोरीच्या भिंतीलगत. पावसाळ्यातच करा. मे महिन्यात केलं तर सगळं कोरडं दिसेल आणि फसगत होईल. फक्त मोरीजवळच्या तुकड्याखाली थेंब आले तर संशय जमिनीवर घेऊ नका, मोरीच्या ट्रॅपवर (जाळीखालच्या पाण्याच्या भांड्यावर) घ्या. ट्रॅपचा सांधा गळत असेल तर तो आधी दुरुस्त करायला हवा.

आता सासूबाईंची खोली. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच आहे आणि कॉन्ट्रॅक्टरनं नेमकी तीच सोडून दिली. मोझॅक स्वतःहून खचत नाही, तिच्या खालचा भराव खचतो. आणि भराव एकाच भिंतीकडे खचत असेल तर त्या भिंतीपलीकडे काय आहे ते बघावं लागतं. बाहेर जाऊन पाहा: सांडपाण्याचा चेंबर आहे का, गच्चीचं पाणी उतरवणारा पाइप जोत्याच्या पायथ्याशीच सुटतो का, चेंबरच्या आत भिंतीला भेग आहे का. चेंबर फुटला की पाणी जोत्याखाली शिरतं आणि भरावातली बारीक माती हळूहळू वाहून जाते. दुसरं कारण घुशी. गावभागासारख्या जुन्या वस्तीत त्या गटारीच्या बाजूनं शिरून जोतं पोखरतात. भिंतीच्या तळाशी ताज्या मातीचा ढीग दिसला तर तेच समजा. तिसरं कारण म्हणजे काळी माती. कृष्णाकाठची ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पूर्वी पाया खणताना निघालेली मातीच जोत्यात भरली जायची. तुमच्याकडे तसं झालं असेल तर ती दरवर्षी वरखाली होत राहणार.

या खोलीत टाइलवर टाइल बसवली तर नव्या टाइलखाली तीच पोकळी राहील. खचलेला इंच भरून काढायला मिस्त्री एका बाजूला जाड थर देईल, त्या थराचं वजन सैल भरावावर पडेल आणि भराव आणखी बसेल. पहिली भेग पलंगाच्या पायाजवळ किंवा कपाटाखाली दिसते, कारण वजन तिथे एकवटतं.

म्हणून ही खोली खणायची. मोझॅक, तिच्या खालचा सिमेंट-वाळूचा माल आणि भराव मिळून नऊ इंच काढा. खाली काळी माती निघाली तर आणखी फूटभर जा. घुशींची बिळं दिसली तर विटांचे तुकडे आणि काँक्रीट भरून बंद करा. वाळवीचं औषध मारायची हीच वेळ आहे, नंतर फरशीला भोकं पाडावी लागतात. मग मुरूम टाका. एका वेळी सहा इंचांपेक्षा जास्त थर टाकू नका. पाणी मारा, धुमसानं ठोका आणि मगच पुढचा थर घ्या. इथे मजूर घाई करतात. अख्खी ट्रॉली एकदम ओतून वरून धुमस फिरवला तर वरचे तीन-चार इंच घट्ट होतात आणि खालचं तसंच सैल राहतं. मुरमावर २५० मायक्रॉनचं प्लास्टिक अंथरा. जोडाला अर्धा फूट एकावर एक घ्या आणि कडा भिंतीवर चार इंच चढवा. त्यावर चार इंच पीसीसी, म्हणजे बिनसळईचं साधं काँक्रीट: एक भाग सिमेंट, तीन वाळू, सहा खडी. ११० फुटांच्या खोलीला साधारण ३७ घनफूट काँक्रीट लागतं: सिमेंटची पाच पोती, १७ घनफूट वाळू, ३३ घनफूट खडी. सात दिवस पाणी मारा. मधेच कुणी ‘दोन दिवसांत फरशी टाकू’ म्हणालं तर ऐकू नका.

हॉल तुमच्या पत्रावरून खचलेला वाटत नाही, त्यामुळे तिथे खणायची गरज नाही. शहाबादी आणि खालचा माल काढून, जुना कोबा, म्हणजे तळाचा काँक्रीटचा थर, धड आहे का ते पाहून, नवी फरशी साधारण त्याच पातळीवर घ्यायची. ओलीच्या परीक्षेत थेंब आले असतील तर कोब्यावर सिमेंट-पॉलिमरच्या वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारून घ्या. शहाबादी लाद्या घणानं फोडू देऊ नका. पहार घालून एका कडेनं उचलल्या की बऱ्याच अख्ख्या निघतात आणि परसात, कपडे धुण्याच्या जागेला छान लागतात.

घर पुराच्या पट्ट्यातलं आहे, तेव्हा एक गोष्ट उघड बोलायला हवी. काही जण पूर येतो म्हणून फरशी सहा इंच उचलून घ्या असं सुचवतात. कृष्णेची धोक्याची पातळी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट आहे आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. त्या पाण्यापुढे सहा इंचांचा उपयोग नाही. उलट दारांची उंची कमी होते, ओटा बुटका होतो आणि सगळी दारं कापावी लागतात. पैसे घालायचेच तर पाणी ओसरल्यावर धुता येईल अशा फरशीत घाला. व्हिट्रिफाइड टाइल चालेल, कोटा दगड चालेल. लाकडी लॅमिनेट अजिबात नको, त्याचा गाभा पाण्यानं फुगतो. एसपीसीच्या, म्हणजे दगडाची भुकटी आणि प्लास्टिकच्या, पट्ट्या स्वतः फुगत नाहीत, पण गाळ खाली शिरला की सगळ्या उचलून धुवाव्या लागतात.

तुमच्या बेडरूमची मोझॅक बदलू नका. ती धड आहे, खचलेली नाही, फक्त वरचा पातळ थर घासला गेलाय. मोझॅक लादीचा वरचा खड्यांचा थर साधारण पाच-सहा मिलिमीटरचा असतो आणि पॉलिशमध्ये जेमतेम अर्धा-एक मिलिमीटर जातो. मशीनचे दगड जाड्यापासून बारकाकडे बदलत नेतात. पहिल्या घासणीनंतर सांध्यांत पांढरं सिमेंट भरतात, ते वाळू देतात, मग पुढच्या घासण्या आणि शेवटी ऑक्झॅलिक ॲसिड. सांधे भरल्यावर एक रात्र थांबायला सांगा, नाहीतर भरलेलं सिमेंट मशीनबरोबर निघून येतं. २० रुपये फुटानं १२० फुटांचे २,४०० रुपये होतात. चिखलाचे शिंतोडे भिंतीवर फूटभर उडतात, तेव्हा रंगकाम नंतर. तीस वर्षांची मजबूत मोझॅक फोडून तिथे ४५ रुपयांची टाइल घालण्यात मला काही फायदा दिसत नाही.

स्वयंपाकघरात मात्र कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं बरोबर आहे. तिथे टाइलवर टाइल चालते, अट एवढीच की खालची पकड घट्ट हवी. लाकडी मुठीनं प्रत्येक टाइल ठोकून बघा, बदबद आवाज करणाऱ्यांवर खडूनं खूण करा. अशा टाइल्स दोन-तीनच निघाल्या तर त्या काढून खड्डे भरून घ्या. पाव खोली पोकळ वाजली तर सगळंच काढा. जुन्या टाइलवरचं तेल सोड्याच्या पाण्यानं घासून काढा आणि तिची चकाकी ग्राइंडरनं खरवडून घ्या. तेलकट, गुळगुळीत टाइलला काहीच धरत नाही. साधं सिमेंट इथे वापरायचं नाही. आयएस १५४७७ या भारतीय मानकानुसार टाइप ३ चं, टाइल चिकटवायचं ॲडेसिव्ह घ्या, पोत्यावर तसं छापलेलं असतं. २० किलोच्या पोत्यात साधारण ४५ फूट होतात. पातळी पाच-सहा मिलिमीटर वर-खाली असेल तर तेच पोतं तीस फुटांतही संपतं, म्हणून दोनऐवजी तीन धरा.

टाइल आणि ॲडेसिव्ह मिळून फरशी दीड सेंटिमीटर वर येते. दार तेवढं कापावं लागेल. हॉलची फरशी नव्यानं पडणारच आहे, तेव्हा मिस्त्रीला आधीच सांगा की स्वयंपाकघराची नवी पातळी धरून हॉलची पातळी ठरव. नंतर ठरवलं तर दारात दीड सेंटिमीटरचा उंचवटा राहील आणि सासूबाई तिथेच अडखळतील.

आता पेट्यांचं कोडं. दुकानदारही खोटं बोलत नाही आणि मिस्त्रीही नाही. दोन बाय दोनची टाइल प्रत्यक्षात ६०० मिलिमीटरची असते, म्हणजे २४ इंचांना थोडी कमी. चार टाइल्सच्या पेटीत १६ नव्हे, साडेपंधरा फूट भरतात. दुकानदारानं ११० ला १६ नं भागलं आणि सात सांगितलं. मिस्त्रीनं खोली मनात मांडून पाहिली. दहा फूट म्हणजे ३,०४८ मिलिमीटर. दोन्ही भिंतींना आठ-आठ मिलिमीटर फट सोडली, दोन टाइल्सच्या मधे फट ठेवणारे दोन मिलिमीटरचे स्पेसर धरले, तर पाच अख्ख्या टाइल्सनंतर जेमतेम दोन सेंटिमीटरची पट्टी उरते. इतकी बारीक पट्टी कापताना तुटते आणि बसवली तरी टिकत नाही. म्हणून चांगला मिस्त्री मधे चार अख्ख्या घेतो आणि दोन्ही कडांना ३१-३१ सेंटिमीटरचे तुकडे लावतो. ३१ आणि ३१ म्हणजे ६२, एका टाइलमधून दोन्ही निघत नाहीत. झाल्या सहा टाइल्स. अकरा फुटांच्या बाजूलाही पाच अख्ख्या आणि एक ३२-३३ सेंटिमीटरचा तुकडा, म्हणजे तिकडेही सहा. सहा सक छत्तीस, नऊ पेट्या. मिस्त्री हुशार दिसतो, त्याला सोडू नका. फक्त मांडणी आधी कागदावर काढून घ्या, कारण खोली आतून नेमकी किती मिलिमीटर आहे त्यावर हे सगळं बदलतं. जुन्या घरात दोन समोरासमोरच्या भिंतींतही फरक निघतो.

याच पद्धतीनं हॉलला ५६ टाइल्स, म्हणजे १४ पेट्या. राखीव धरून १५. स्वयंपाकघराला ८. चार इंची स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाची पट्टी, दारं आणि ओटा वगळून या तिन्ही ठिकाणी मिळून सुमारे १०६ रनिंग फूट होईल. एका टाइलमधून दहा फूट पट्टी निघते, म्हणून त्याला ३ पेट्या. एकूण ३५. दुकानदारानं पेटी १६ फुटांची धरून बिल केलं तर ४५ रुपये दरानं जवळपास ७९० रुपये जास्त जातात. पेटीवर चौरस मीटरमध्ये १.४४ छापलेलं असतं, त्याला १०.७६ नं गुणा आणि तेवढ्याचंच बिल मागा. दर जीएसटी धरून आहे का तेही विचारा, टाइल्सवर १८ टक्के लागतो. सगळ्या पेट्यांवर शेड आणि बॅच नंबर एकच आहे हे टेंपोतून उतरवतानाच बघा. नंतर आणलेल्या पेटीचा रंग जुळेलच असं नाही.

टाइल मॅट घ्या, चकचकीत नको. सासूबाईंच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात तर नकोच. दुकानात नमुन्यावर थोडं पाणी टाकून ओला अंगठा घासून बघा. जिथे पाणी सांडतं तिथे घसरण रोखण्याचा आर १० किंवा त्यापुढचा दर्जा मागा.

हिशोबाला येऊ. खालचे दर मी धरलेले आहेत. तुमच्याकडे मिळालेले आकडे त्या जागी घाला. टाइल्स ३५ पेट्या, ४५ रुपये फूट, २४,४०० रुपये. सिमेंट १६ पोती, ३७० प्रमाणे ५,९२०. क्रश सँड (दगड चुरून केलेली वाळू) एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट, ४,५००, खडी १,३००, मुरूम १,५००, प्लास्टिक ७००. ॲडेसिव्ह स्वयंपाकघराला तीन पोती टाइप ३ चं २,४०० आणि हॉल व खोलीला सात पोती टाइप २ चं ३,५००. सांधे भरायचं इपॉक्सी ग्राउट २,५००. सामान इथे संपलं, ४६,७२० रुपये.

मजुरीत हॉलची जुनी फरशी काढणं १२ रुपयांनी २,१६० आणि खोली खणणं २५ रुपयांनी २,७५०. पीसीसीची मजुरी २,२००. बसवणं हॉल आणि खोलीला २८, स्वयंपाकघराला ३२ रुपये, मिळून ११,०००. स्कर्टिंग १,९००, मोझॅक पॉलिश २,४००, दार कापणं आणि उंबऱ्याची पट्टी १,५००. राडारोडा फुगून १७० घनफूट होतो, म्हणजे ट्रॅक्टरच्या दोन खेपा, ३,०००. ही बाजू २६,९१० ची.

एकूण ७३,६३०. त्यावर १५ टक्के राखीव ठेवा, कारण खोली खणल्याशिवाय खाली काय आहे ते कळणार नाही. ८५ हजारांच्या आत बसतं. उरलेल्या १५ हजारांत चेंबर, गच्चीचा पाइप आणि हॉलच्या कोब्यावरचं वॉटरप्रूफिंग करून घ्या. हे काम फरशीच्या आधी.

या हिशोबात टाइल एक तृतीयांशच आहे. बहुतेक घरांत सगळी चर्चा टाइलच्या दरावर होते आणि मालाच्या थरावर, भरावावर कुणी प्रश्न विचारत नाही. टाइल दहा रुपयांनी महाग घेतली तर तुमचे साडेपाच हजार वाढतील. भराव नीट न ठोकता टाइल बसवली तर त्या खोलीतले सगळे पैसे परत घालावे लागतील. कॉन्ट्रॅक्टरचे ११० रुपये ५०० फुटांना ५५ हजार होतात. तो आकडा कमी दिसतो, कारण त्यात खणणं नाही, मुरूम नाही, पीसीसी नाही.

बसवण्याच्या पद्धतीबद्दल थोडं. ओल्या मालावर सिमेंटची स्लरी ओतून टाइल ठोकायची जुनी सवय मोझॅकसाठी ठीक होती. मोझॅक पाणी पिते, त्यामुळे सिमेंट तिला धरतं. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही, तिच्या पाठीला सिमेंट घट्ट चिकटतच नाही. दोन-तीन वर्षांत बदबद आवाज यायला लागतो तो म्हणून. तेव्हा दोन इंची मालाचा थर, एक भाग सिमेंटला सहा वाळू, नळीनं पातळी काढून, ॲल्युमिनियमच्या पट्टीनं ओढून घ्या. शंभर फुटांना सिमेंटची अडीच ते तीन पोती आणि १९ घनफूट वाळू जाते. सात दिवस पाणी मारून सुकू द्या आणि मग दातेरी थापीनं ॲडेसिव्ह पसरून टाइल बसवा. ॲडेसिव्हचे पाच गोळे ठेवून टाइल दाबायला लागले तर काम थांबवा. गोळ्यांच्या मधे पोकळी राहते आणि जड वस्तू पडली की टाइल तिथेच फुटते. एक टाइल बसवल्यावर लगेच उचलून पाठ पाहा, सगळीकडे ॲडेसिव्ह लागलेलं दिसलं पाहिजे.

भिंतीलगतची आठ मिलिमीटरची फट मालानं भरू देऊ नका. टाइल उन्हाळ्यात थोडी प्रसरण पावते, तिला जागा मिळाली नाही तर खोलीच्या मधोमध दोन टाइल्स तंबूसारख्या उचलल्या जातात. फट स्कर्टिंगखाली झाकली जाते, दिसत नाही. टाइलला टाइल चिकटवून बिनफटीचं काम मिस्त्री सुंदर म्हणून सुचवतील, नको म्हणा.

वेळेचं सांगायचं तर गणपतीच्या आधी हे होणार नाही, करूही नका. श्रावणात मुरूम भिजलेला येतो, तो ठोकला तरी बसत नाही, आणि जमिनीतली ओल वरपर्यंत असते. पीसीसीचे सात दिवस, मालाच्या थराचे सात दिवस, फोडणं आणि बसवणं धरून चार आठवडे लागतात. गणपतीआधी मोझॅकचं पॉलिश करून घ्या, चेंबर आणि पाइप दुरुस्त करा, हॉल धुऊन उघडा ठेवा. सासूबाईंचा पलंग खचलेल्या बाजूपासून हलवून बेडरूममध्ये घ्या. मोठं काम दिवाळीनंतर धरा. आधी सासूबाईंची खोली, मग हॉल, शेवटी स्वयंपाकघर, म्हणजे घर सोडून जावं लागणार नाही. टाइल पाणी मारत कापायला सांगा. कोरडी धूळ फुप्फुसांना फार वाईट असते, कापणाऱ्यालाही आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही.

मिस्त्रीशी बोलणं कागदावर घ्या. ‘सगळं धरून’ हा शब्द त्यात नको. फोडणं, राडारोडा उचलून बाहेर नेणं, स्कर्टिंग रनिंग फुटांत, ग्राउट भरणं, दार कापणं, प्रत्येकाचा वेगळा दर लिहा. मुरमाचे थर किती, पीसीसी किती इंच, ॲडेसिव्ह कोणत्या टाइपचं, हेही लिहा. उचल कामाच्या टप्प्यांनी द्या: खणून मुरूम ठोकल्यावर एक, पीसीसी झाल्यावर एक, टाइल बसल्यावर एक. दहा टक्के मजुरी अडवून ठेवा. टाइल बसल्यावर आठ दिवसांनी प्रत्येक टाइल ठोकून बघा. जी पोकळ वाजेल ती त्यानं स्वतःच्या मजुरीत बदलून द्यायची, असं आधीच ठरवा. बदलायला टाइल्स लागतील, म्हणून राखीव टाइल्स माळ्यावर ठेवा आणि पेटीचा बॅच नंबर असलेला पुठ्ठा त्यांच्याबरोबर जपून ठेवा.